न पिणाऱ्याची साक्ष

कमळाचे पान पाण्यात राहते आणि भिजत नाही, हा दृष्टान्त आपण इतक्यांदा ऐकला आहे की तो कानी पडताच मान आपोआप डोलू लागते. मान डोलावून आपण घरी निघतो आणि वाटेत मनाशी म्हणतो, मीही तसाच. परंतु मायबापहो, त्या पानाला कुणी कधी विचारले आहे काय, की ज्या तळ्यावर तू जन्मभर कोरडे राहिलेस, त्या तळ्याचे पाणी गोड होते की नासलेले? ते बिचारे काय सांगणार! आमच्या वाईनिकुलाचा बोधन दर्जी असाच कोरडा मनुष्य होता, आणि त्याच्यावर सगळ्या वस्तीचा जीव होता.

पाळण्यातले नाव शिवबोधन. दक्षिण समुद्रातल्या आमच्या या बेटावर लंबासा शहराहून बसने पूर्वेला निघाले की उसाच्या रानांमध्ये आमची वस्ती लागते. अलीकडच्या काठाला आम्ही, पलीकडच्या काठाला काईवितींचे, म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवाशांचे, गाव, आणि मध्ये नदी. बोधन शाळेच्या मुलामुलींचे गणवेश शिवायचा. कानामागे खडू, गळ्यात फीत, ओठांवर रामनाम. मंगळवारी मंदिरातल्या रामायण मंडळीत पोथी वाचायला तोच बसे, आणि वनवासाचा प्रसंग आला की त्याचा आवाज असा भिजून येई की मागे बसलेल्या म्हाताऱ्या पदराचे टोक शोधू लागत. मांस नाही, मद्य नाही, विडी नाही; आणि नंगोना, तीही नाही.

आमच्याकडे नंगोना न पिणारा पुरुष म्हणजे पोटमाळ्यावर ठेवलेली पाहुण्यांची थाळी. सगळे तिला मान देतात, जेवायला कुणी घेत नाही. झाडाचे मूळ वाळवून कुटायचे, पाण्यात कालवायचे, फडक्यातून पिळायचे, की ते मातकट पाणी तयार. जीभ बधिर होते, गुडघे सैलावतात, भांडणे विझतात. सोयरीक त्यावर ठरते, मयताचे दुःख त्यावर हलके होते, जमिनीचा शब्द त्यावर दिला जातो. मंडळीतही आत आरती संपली की बाहेर व्हरांड्यात लाकडी काथवट मांडली जायची, भोवती पुरुष गोल बसायचे आणि नारळाची करवंटी भरून फिरायची. बोधन पोथी लाल कापडात बांधायचा आणि त्या वर्तुळाला वळसा घालून खाली मान घालून घरी जायचा.

"पाय आवरा रे, पाय आवरा! भगत चाललेत. तुमची सावली लागली तर परत अंघोळ करावी लागेल त्यांना!" हे ओरडणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ, गयादीन. ऊस वाहणारा ट्रक चालवून त्याचे दंड लोखंडासारखे झाले होते, आणि मंडळीत ढोलक वाजवावे तर त्यानेच. दोघांची घरे एका अंगणात. एक कोरडा, एक भिजलेला. पण सकाळची रोटी दोघे गयादीनच्या बायकोच्या, रामरती भौजीच्या हातची, एकाच ओट्यावर बसून खात.

अशा या बोधनाकडे एके दिवशी हिरव्या डोंगराच्या कंपनीचा माणूस आला. कंपनी नंगोना दळून पाकिटात भरायची, पाकिटावर हिरवा डोंगर काढलेला. कंपनी वाढत होती, शेअर विकत होती. बोधनाने शिलाईवर जमवलेली पुंजी त्यात घातली.

वस्ती चकित झाली. पलीकडच्या काठाचा अपेनिसा तर होडी वल्हवीत मुद्दाम आला. अपेनिसा डोंगरउतारावर नंगोना लावायचा, आणि बोधनाला 'तवाले' म्हणायचा. आत्याच्या किंवा मामाच्या मुलाला, किंवा तसा मानलेल्या दोस्ताला, ते लोक तवाले म्हणतात, आणि तवाल्याची टर उडवणे हा आपला जन्मसिद्ध हक्क समजतात.

"काय तवाले, ऐकतो ते खरं का?" शिलाई मशीनशेजारी बसकण मारीत तो म्हणाला. "म्हणजे तू आता शाकाहारी मुंगूस झालास. कोंबड्या पाळणार, पण अंडं नको!"

"अरे, मुलींचे फ्रॉक शिवतो मी," बोधन दोरा ओवत हसला. "घालतो का?"

अपेनिसा असा हसला की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. उत्तर बिनतोड होते. आम्ही ते पुढे कितीतरी ठिकाणी सांगितले, आणि ज्याने ऐकले तो हसला. हसता हसता एक गोष्ट कुणाच्या ध्यानी आली नाही. फ्रॉक घातला नाही तरी दर्ज्याला कापड कळते. बोट फिरवले की सूत कळते, ओढून पाहिले की शिवण कळते. नंगोनावर मात्र बोधनाने कधी बोटसुद्धा फिरवले नव्हते.

आता ऐका, चूक कुठे झाली. आणि ही चूक आमच्यासारख्या भाबड्या, भजनी लोकांच्या हातूनच होऊ शकते. तोवर वस्तीत लोक मूळ पाहून, मोडून, हुंगून घेत असत. पाकिटातल्या पिठावर कुणाचा भरवसा नव्हता. मंडळीतल्या चार जणांनी बोधनाला आरतीनंतर गाठले. "भगतजी, तुमची ती कंपनी कशी आहे?"

बोधनाकडे कंपनीचा छापील अहवाल आला होता. तो त्याने पोथीसारखा ओळीवर बोट ठेवून वाचला होता. त्याने मनापासून उत्तर दिले, "चोख आहे."

तो बोलला कारभाराविषयी. आम्ही ऐकले मालाविषयी. एकच शब्द, सोनाराच्या तोंडी त्याचा एक अर्थ, कारकुनाच्या तोंडी दुसरा. आणि आम्ही आपसात काय म्हटले? पिणारा मनुष्य आपल्या तलफेची स्तुती करणारच; परंतु ज्याला तलफच नाही, ज्याला काही मिळवायचे नाही, त्याची साक्ष निर्मळ. न पिणाऱ्याला आम्ही परीक्षक केले! महिन्याभरात व्हरांड्यातल्या काथवटीत हिरव्या डोंगराचे पीठ पडू लागले.

मग ते वादळ आले. त्याचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी त्या दिवशी भिंतीला पाठ लावून देवाचे नाव घेतले त्यांच्यासाठी वर्णन नको, आणि ज्यांनी घेतले नाही त्यांना ते कळणार नाही. ऊस झोपला, मंदिराचे छप्पर उडून नदीत गेले. आणि डोंगरउतारावरची नंगोना, अपेनिसाची, त्याच्या मामाची, त्याच्या मामाच्या गावाची, सगळी मुळासकट उखडली; जी जमिनीत राहिली ती कुजली. आज रोप लावले तर चांगले मूळ हाती यायला चार-पाच वर्षे जावी लागतात. जुनी माणसे म्हणाली, आता करवंट्या पालथ्या घाला.

घालाव्या लागल्या नाहीत. पाकिटे येत राहिली. पूर्वी आठवड्याला यायची, आता दर दोन दिवसांनी गाडी येई. पाकीट तेच, डोंगर तोच, भावही फारसा चढला नाही. वर्षअखेरीस बोधनाच्या हाती लाभांश आला तो मागल्यापेक्षा मोठा. त्याने तो कपाळाला लावला आणि सगळाच्या सगळा मंदिराच्या छपरासाठी दिला. नवे पत्रे बसले. पहिल्या मंगळवारी पावसाची सर आली, तेव्हा पत्र्यावर असा काही आवाज झाला की बोधनाला वाचन थांबवावे लागले. सगळे वर पाहू लागले.

अपेनिसा त्यानंतर आला तो हसला नाही.

"तवाले, एक विचारू?"

"विचार की."

"माझ्या डोंगरात मूळ नाही. मामाच्या डोंगरात नाही. सावुसावूच्या बाजूला जाऊन आलो, तिकडेही रोपं वीतभर आहेत. मग तुझी कंपनी दळते काय?"

मशीनचे चाक थांबले. "साठा असेल जुना."

"केवढा? समुद्राएवढा?"

"बाहेरून आणत असतील. वानुआतूहून, टोंगाहून."

"तिथली माणसं काय तुझ्यासारखी पोथी वाचतात संध्याकाळी? तीही पितातच ना?" अपेनिसा उठला. कमरेच्या फडक्यात गुंडाळलेले मुळाचे एक वाळके बोट त्याने काढून दाखवले. "हे माझं शेवटचं. पुरवून पुरवून पितो. पण हे काय आहे ते मला माहीत आहे. मुळाला चेहरा असतो, तवाले. पिठाला नसतो."

तो गेला. बोधनाने त्या दिवशी एका मुलीच्या फ्रॉकला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

इकडे गयादीनच्या अंगाला खाज सुटली होती. खूप पिणाऱ्यांची कातडी माशाच्या खवल्यासारखी होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे कुणी लक्ष दिले नाही. गयादीन स्वतःच म्हणे, "कात टाकतोय रे, आता पुन्हा तरुण होतो की नाही बघा!" मग ढोलक वाजवताना तो मध्येच थांबू लागला. जेवणावरून मन उडाले. वस्तीतला एक म्हातारा, तोही याच वर्तुळात बसणारा, दिवाळीच्या आधी पिवळा पडून गेला. वय झाले होते, असे आम्ही म्हटले. तेरावा झाला, आणि तेराव्याला काथवट मांडली.

एका सकाळी ओट्यावर रोटी वाढता वाढता रामरती भौजी थबकली. "अहो, इकडे बघा. उजेडाकडे बघा जरा." गयादीनने पाहिले. डोळ्यांच्या पांढऱ्याला हळद लागली होती.

लंबासाच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिले, रक्त तपासले, आणि बोधनाला आत बोलावून स्पष्ट सांगितले. यकृत बिघडले आहे. आज नंगोना सुटली तर माणूस सावरेल. सुटली नाही, तर पुढच्या वेळी माझ्याकडे आणू नका, पंडिताकडे न्या.

बसमध्ये बोधनाने भावाचा हात हातात घेतला. "भैया, सोड आता."

"अरे, डॉक्टर काय, सगळ्यांनाच सांगतात. आजा नव्वदीपर्यंत प्यायला."

"आजा मूळ कुटून प्यायचा."

"आणि मी माझ्या भावाच्या कंपनीची पितो!" गयादीनने डोळे मिचकावले. "आपला भाऊ आपल्याला विष घालेल का रे?"

सज्जनहो, बाणाची जखम दिसते, त्यावर पाला बांधता येतो. हे वाक्य गयादीनने प्रेमाने म्हटले, आणि बोधनाला त्यावर काही बांधता आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो एकटा लंबासाला गेला आणि कंपनीचे गोदाम शोधीत बाजारामागच्या गल्लीत शिरला. पुढे चकचकीत दुकान, मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये छातीएवढा ढीग. त्यात मुळे नव्हती. हिरवट खोडांचे तुकडे होते, सोललेल्या साली होत्या, पाने होती, आणि आणखी काही होते जे नंगोनाच्या झाडाचे आहे असे कुणी छातीवर हात ठेवून सांगितले नसते. दळणारी माणसे नाकातोंडाला फडके बांधून काम करीत होती. बाहेर कुणाच्या तरी चहाच्या कपाभोवती माश्या घोंघावत होत्या. त्या ढिगावर एकही नव्हती.

मॅनेजर तरुण होता, गोड होता. शेअरवाले काका आले म्हणून त्याने खुर्ची पुसून दिली, लिंबाच्या पानांचा चहा मागवला.

"यात मूळ किती?" बोधनाने विचारले.

"काका, वादळानंतर सगळ्यांनीच जुळवून घेतलंय. पण तक्रार म्हणाल तर एक नाही."

"तुम्ही पिता हे?"

"मी? छे!" मॅनेजर दिलखुलास हसला. "आपण चहावाले. ऑकलंडला मोठे साहेब आहेत ना, त्यांना तर वाससुद्धा सोसत नाही. हिशेबाच्या बाई चर्चच्या, त्या शिवतही नाहीत. खरं सांगू का काका? आमच्यात कुणीच पीत नाही. म्हणून तर धंदा डोकं ठेवून चालतो." मग त्याने कप पुढे सरकवला. "आणि तुम्ही, काका? तुम्ही घेता?"

बोधनाने कप तसाच परत सरकवला. पत्र्याखाली जाते घरघरत होते. इथे बसलेले सगळे कमळाची पाने होती, एकापेक्षा एक कोरडी, आणि मधले कोरडे पान तो स्वतः होता.

"विकायचे असतील शेअर तर आत्ता भाव छान आहे," उठता उठता मॅनेजर म्हणाला. बोधनाने मान हलवली. त्याने विकले असते तर दुसऱ्या कुणाचे तरी झाले असते. जाते थांबले नसते. आणि भाऊ संध्याकाळी त्याच काथवटीपाशी बसणार होता.

तो दिवस मंगळवारचा होता. बोधन परतला तो तसाच मंदिरात आला. वाचन झाले, आरती झाली. आणि पोथी बांधायच्या ऐवजी तो व्हरांड्यात आला, वर्तुळासमोर हात जोडून उभा राहिला.

"भावांनो, ही नंगोना सोडा."

असा हशा उसळला की नव्या पत्र्याला नाद फुटला. "घ्या! आज उपदेश बाहेरपर्यंत आला!" "भगतजी, हे तर आम्ही दुधाचे दात होते तेव्हापासून ऐकतोय!"

"तसं नाही रे. हा माल खोटा आहे. मी आज डोळ्यांनी पाहून आलो. मूळ नाही यात, खोड आहे, साल आहे, आणखी काय काय आहे."

"डोळ्यांनी?" काथवटीपाशी बसलेला बिसुन करवंटी ढवळीत म्हणाला. तो मंडळीत झांजा वाजवी. "भगतजी, रागावू नका. पण मूळ कुठलं, खोड कुठलं, तुम्हाला काय कळणार? जिभेला लावलंत का कधी?"

"नाही लावलं."

"मग चोख आहे म्हणालात, ते कशावरून?"

बोधनाने जोडलेले हात खाली घेतले. त्याची स्तुती आम्ही साक्ष म्हणून घेतली होती, कारण तो पीत नव्हता. आणि त्याचा इशारा आम्ही प्रवचन म्हणून सोडून दिला, कारण तो पीत नव्हता. हे मी सांगतो तसे त्या वेळी कुणाला सुचले असते तर! पण आम्ही मांडी घालून बसलो होतो, आणि करवंटी फिरत होती.

"अरे, बसा रे गप्प," गयादीन म्हणाला. पोट फुगले होते, हात काटकुळे झाले होते, तरी ढोलक मांडीवर होता. "दमून आलाय माझा भाऊ. बोधन, घरी जा, भौजीला चहा टाकायला सांग."

बोधन गेला नाही. त्याने चपला काढल्या. आमच्या पाय आवरण्याची वाट न पाहता तो वर्तुळात शिरला आणि गयादीनच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"भैया, ऐक. तू एक करवंटी घेशील तर मी एक घेईन. तू दहा घेशील तर मी दहा. तुझ्या पोटात जे जाईल ते माझ्याही पोटात जाईल. आता ठरव."

त्याचा भरवसा कशावर होता ते सांगायला नको. जन्मभर कोरडा राहिलेला धाकटा भाऊ आपल्यासमोर व्रत मोडतो आहे, विष तोंडाला लावतो आहे, हे थोरल्याला पाहवणार नाही. तो हात धरील. करवंटी भिरकावून देईल. रडेल, आणि सोडील. प्रेमाचे गणित असेच असते, आणि बोधनाला प्रेमाखेरीज दुसरे गणित येत नव्हते.

गयादीनचे पिवळे डोळे मोठे झाले, ओले झाले. आणि मग त्या ओढलेल्या चेहऱ्यावर असा आनंद उगवला, असा आनंद, की आम्ही सगळे पाहतच राहिलो.

"अरे बघा रे!" तो ओरडला. "माझा भाऊ बसला! माझ्या मांडीला मांडी लावून बसला! आयुष्य गेलं रे माझं या माणसाची पाठ बघण्यात!" ढोलकावर त्याने थाप मारली. "बिसुन, काय बघतोस? भर!"

"भरती की ओहोटी?" बिसुनने विचारले. काठोकाठ करवंटीला आमच्यात भरती म्हणतात, अर्ध्या करवंटीला ओहोटी.

"भरती! माझ्या भावाला भरती, आणि मला त्याच्याहून वर!"

"भैया, नको..."

"टाळी वाजव आधी. एकदा. अशी."

बोधनाने टाळी वाजवली. गयादीनने आपली करवंटी एका दमात रिकामी केली. शब्द दिलेला होता. बोधनाने डोळे मिटले, राम म्हटला, आणि प्याला. आम्ही रिवाजाप्रमाणे तीनदा टाळ्या वाजवल्या. दुसरी फेरी आली, तिसरी आली. प्रत्येक वेळी बोधन भावाच्या हाताकडे पाहत होता, की आता तरी तो हात थांबेल. आणि प्रत्येक वेळी तो हात अधिक उत्साहाने पुढे होत होता. व्हरांड्याच्या पायरीशी रामरती भौजी येऊन उभी राहिली होती. तिने पदर तोंडात धरला होता.

"भैया, थां..." बोधनाने म्हणायला घेतले, पण जीभ बधिर झाली होती, ओठ कुणा दुसऱ्याचे झाले होते, आणि शब्द लाळेसारखा ओघळून गेला.

"लागली! पहिल्याच बैठकीत लागली भगताला!" सगळे खिदळले. गयादीनने पुढे वाकून आपल्या सदऱ्याच्या बाहीने भावाचे तोंड पुसले, हळूच, आईने पुसावे तसे. मग काथवटीचा तळ दिसतो आहे हे पाहून त्याने पायरीकडे मान वळवली.

"रामरती, घरातलं नवं पाकीट आण गं. आज लवकर उठायचं नाही."

ती हलली नाही. तेव्हा बिसुनच उठला, मंदिराच्या कपाटातून एक पाकीट घेऊन आला, दाताने त्याचे तोंड फाडले आणि पाण्यात रिकामे केले.